पुठ्ठ्यामागचा फासा

ज्याच्याकडे तिकीट नसतं तो माणूस खिडकीबाहेर फार मन लावून बघतो. एरवी त्या कापसाच्या शेतांत बघण्यासारखं काय आहे? पण कंडक्टर दोन सीटवर आला की त्याला एकदम कापूस आवडायला लागतो. एकतीस वर्षं मी अशा माणसांकडे बघत आलो. आधी तिकिटं फाडली, मग हातात मशीन आलं, पण माणसं तीच राहिली. त्यामुळे कोणावर चटकन विश्वास टाकणं मला जमत नाही. बायको म्हणते, "तुमी तं दूधवाल्याच्या म्हशीवरही डाउट घेता." घेतो. म्हशीवर नाही, दूधवाल्यावर.

तर रिटायर होऊन वर्ष झालं असेल, मुलीनं एका संध्याकाळी ताटावर बसल्याबसल्या सांगितलं की एक मुलगा आहे आणि तिला त्याच्याशी लग्न करायचं आहे. मुलगी सत्तावीस वर्षांची, सेवाग्रामला दवाखान्यात लॅबमध्ये काम करते, स्वतःच्या पायावर उभी आहे. मुलगा वर्धेलाच एका कॉलेजात गणित शिकवतो. घर समुद्रपूरकडच्या एका गावात. शेती, ट्रॅक्टर, गावात चार माणसं ज्यांच्या ओट्यावर येऊन बसतात असं हिंदू घर. आम्ही बौद्ध.

मला त्याच्या जातीशी काही घेणं नव्हतं. त्याच्या घराला माझ्या जातीशी घेणं असणार, हे मला पक्कं माहीत होतं. असली पोरं मी पाहिली आहेत. चांगली असतात, गोड बोलतात, आणि वेळ आली की आईला चक्कर येते, बाप बोलणं सोडतो आणि पोट्टा म्हणतो, "थोडं थांब." त्या 'थोडं थांब'मध्ये माझ्या चुलतभावाच्या मुलीची सहा वर्षं गेली. मग त्यानं गावातलीच केली.

"मी विचार करतो," मी म्हटलं.

"विचार काय करता, भेटा त्याले."

"भेटून काय समजते? भेटाले येणारा माणूस इस्त्री करून येते."

तेव्हा तिनंच तोड काढली. तो एक खेळ खेळवतो म्हणे. रविवारी दुपारी घरी येईल, आपण सगळे बसू, तीन-चार तास चालतो. इतका वेळ कोणी इस्त्रीत राहू शकत नाही. हे मला पटलं. मी मुलगा पारखायला म्हणून त्या खेळाला बसलो, दुसरं काही कारण नव्हतं.

खेळ असा. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं एक माणूस मनात उभा करायचा आणि त्याच्या वतीनं बोलायचं. तो मुलगा म्हणजे गेम मास्टर. तो सांगणार की समोर काय आहे, डोंगर आहे की दरोडेखोर. आपण सांगायचं की आपला माणूस काय करतो. मारामारी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर वार लागला, लहान आला तर हुकला. प्रत्येक माणसाच्या नावापुढे हिट पॉइंट लिहिलेले, म्हणजे अंगात जीव किती शिल्लक आहे तो आकडा. वार लागला की त्यातून वजा. शून्य झालं की संपला. आपले फासे आपण सगळ्यांसमोर टाकायचे. गेम मास्टर मात्र शत्रूचे फासे आडोशामागे टाकतो, कारण त्याची सगळी गुपितं तिथं मांडलेली असतात. त्याचा आडोसा म्हणजे साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, मधून दुमडून सतरंजीवर उभा केलेला.

आडोसा म्हटल्याबरोबर माझे कान उभे झाले.

माझा माणूस मिठाच्या तांड्याचा पहारेकरी होता. मुलीची तिरंदाज. बायको कधी बसायची, कधी लसूण सोलत नुसती ऐकायची. पहिल्याच रविवारी चार लुटारू आले. मी म्हटलं, धावतो आणि पुढच्याची गचांडी धरतो.

"थांबा काका," तो म्हणाला, "आधी त्यांची बारी आहे."

"बारी? मारामारीत बारी? रेशनच्या दुकानात उभे आहो का आपण?"

मुलगी हसली. तो हसला नाही, त्यानं नीट समजावून सांगितलं. सगळं एकदमच होत असतं, पण सांगायचं एकेक करून, म्हणून बारी. ठीक आहे, सोडून दिलं. पुढं माझ्या माणसानं लोखंडी सदरा घातला होता, त्यामुळे लुटारूचा वार 'लागला नाही'. मी म्हटलं, लागला कसा नाही? लोखंड घातल्यानं वार लागायचा थांबत नाही, लागतो पण कमी लागतो. गरम डब्याले फडक्यानं धरलं तर हात लागत नाही का डब्याले? तो म्हणाला, "बरोबर आहे काका, पण मग प्रत्येक वाराला दोन-दोन गणितं करावी लागतील." गणिताचा मास्तर आणि गणिताचा कंटाळा! हेही मी मनात नोंदवून ठेवलं.

सगळ्यात मोठा तंटा रात्रीच्या झोपेवरून झाला. माझ्या माणसाला तीन बाण लागले, एक भाला मांडीत. तो तांड्याजवळ झोपला आणि सकाळी उठला तर हिट पॉइंट सगळेच्या सगळे वापस!

"हे काय बावा? मांडीत भाला गेलेला माणूस सकाळी उठून चालते?"

"काका, हिट पॉइंट म्हणजे रक्त नाही. दम, नशीब, हिंमत, असं सगळं मिळून. ते संपलं की मग खरा घाव लागतो."

"मंग भाला लागला असं काऊन म्हटलं तू? म्हण की हिंमतीले भाला लागला."

त्यानं फासा हातात घोळवला. मग म्हणाला, "अगदी खरं केलं तर खेळ पहिल्याच रविवारी संपेल." हे उत्तर मला आवडलं होतं, पण मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

मारामारी काय असते हे मला कोणी शिकवायला नको. समुद्रपूरच्या फेरीला असताना एका उतारूशी वाद झाला. त्याला मधेच, स्टॉप नसताना उतरायचं होतं. मी नाही म्हटलं. पुढच्या स्टॉपला तो उतरला, तिथं उभ्या असलेल्या बैलगाडीची उभारी, म्हणजे कडेचा दांडा, उपसली आणि वापस येऊन माझ्या उजव्या खांद्यावर हाणली. सगळं मिळून आठ-दहा सेकंद. बारी-बिरी काही नाही. दुखलंही नाही आधी, फक्त हात माझा राहिला नाही. बसच्या पायऱ्यांवर मी बसलो तो बसलोच. चार महिने घंटीची दोरी डाव्या हातानं ओढली. अजूनही वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर बायकोला हाक मारतो. घरी मात्र मी सांगितलं होतं की मीही त्याला दोन ठेवून दिल्या. त्या वयात पुरुषाला असं सांगावं लागतं.

तर हे सगळं त्या मास्तराला मी सुनावलं, दोन ठेवून दिल्यासकट. तो मन लावून ऐकत होता. फार मन लावून. त्यावरही मला डाउट आला.

चौथ्या रविवारपासून मी फाशाकडे बघणं सोडलं आणि त्याच्या तोंडाकडे बघायला लागलो. पुठ्ठ्यामागं फासा खडखडायचा, थांबायचा. मुलीच्या माणसावर वार असला की तो लगेच आकडा सांगायचा. बायकोच्या वेळीही लगेच. माझ्यावर वार असला की कधी कधी अर्धा क्षण थांबायचा, चष्मा वर सरकवायचा, मग म्हणायचा, "हुकला काका, थोडक्यात वाचलात." दर वेळी नाही. माझा माणूस अगदी मरायला टेकला असेल तेव्हाच. कागदावर माझे हिट पॉइंट तीन उरले, दोन उरले, आणि समोरचा राक्षस असो की लुटारू, त्याचा हात नेमका तेव्हाच चुकायचा. पाच रविवारांत माझा पहारेकरी सातदा मरता मरता वाचला. इतकं नशीब मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, माझ्या तर नाहीच.

बायकोला स्वयंपाकघरात सांगितलं. ती म्हणाली, "पोट्टा तुमाले जिंकवून राह्यला, आन् तुमाले त्याचाही तरास?"

"जो मायासाठी खोटं बोलते, तो मायाशी बी बोलणार."

"बाप्पा! आता फाशाचीही पोलीस तक्रार करा."

सहाव्या रविवारी मी खेळत नव्हतोच, वाट बघत होतो. होळी आठ दिवसांवर होती, उन्ह तापायला लागलं होतं, पंखा फुल्लवर. खेळात एका पुलावर मारामारी चालू होती आणि माझ्या पहारेकऱ्यात जीव उरला होता एक. लुटारूंच्या म्होरक्याची बारी आली. फासा खडखडला. थांबला. चष्मा वर गेला. "हु..." त्यानं तोंड उघडलं आणि मी हात घालून पुठ्ठा उचलला.

फासा एकोणीसवर बसला होता. आंधळ्याचाही वार लागला असता.

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मी म्हटलं, "मेला. लिहून टाक, पहारेकरी मेला."

"काका, मी..."

"लिही म्हणतो ना!"

त्यानं पेन्सिलनं माझ्या नावावर रेघ मारली. मग म्हणाला, "तुमचा माणूस मेला असता तर पुढच्या रविवारी तुम्ही बसला नसता. मला तुमच्यासोबत अजून बसायचं होतं."

मुलगी मधे पडली. "त्याले कायले बोलता बाबा? मीच सांगितलंतं त्याले, बाबाले सांभाळून घेजो म्हणून. तुमी किती दिवसांनी असे खुशीत दिसत होते."

सांभाळून घेजो! म्हणजे सहा आठवडे दोघं मिळून मला खेळवत होते आणि मी आपला मिशीला पीळ देत होतो. राग आला. आणि खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. मी शेजारच्यांनाही त्या राक्षस-लुटारूंच्या गोष्टी सांगितल्या होत्या. मी आवाज चढवला. म्हटलं, घाव लागला तर लागला म्हणावं माणसानं, त्यात कोणती शरम? लपवाछपवी करणाऱ्या घरात मी माझी पोरगी...

"हो का?" बायको लसणाचं ताट बाजूला ठेवत म्हणाली. "आन् तुमी काय सांगितलंतं? त्याले दोन ठेवून देल्ल्या म्हणे. ड्रायव्हर दुसऱ्याच दिवशी घरी आलता तुमची तब्येत पाहाले. सारं सांगून गेला मले. पायऱ्यांवर बसून रडून राह्यले होते तुमी."

घ्या! इतकी वर्षं मी तिला सांगत होतो आणि इतकी वर्षं ती मला ऐकवून घेत होती. मुलीनं मान खाली घातली, म्हणजे तिलाही माहीत होतं. दुसरा कोणी असता तर तिथंच हसून विषय संपवला असता.

पण आमच्या धंद्याचा एक नियम आहे. बिनतिकिटाचा एक सापडला की तेवढ्यावर पुढं जायचं नाही, त्याच्या बाजूला कोण बसलं आहे तेही बघायचं. माणूस एकाच ठिकाणी कधी लपवत नाही. खांद्याची लाज गिळून मी त्या मुलाकडे वळलो.

"तुया घरी काय म्हणाले?"

मुलगीच बोलली, "विचार करून राह्यले ते. त्याच्या बाबाले थोडा टाइम पाहिजे. मी सांगितलंतं ना तुमाले."

"तुले नाई विचारलं. त्याले विचारलं."

त्यानं चष्मा वर सरकवला. आता समोर पुठ्ठा नव्हता, तो माझ्या मांडीवर होता. ते चष्म्याचं मुलीनंही पाहिलं. तिला ते माझ्याइतकंच चांगलं माहीत होतं, तिनं आजवर त्याचा अर्थ लावला नव्हता इतकंच.

"काय म्हणाले ते?" तिनं विचारलं.

"वेळ लागेल..."

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"कधी?"

"दिवाळीत."

दिवाळी होऊन चार महिने उलटले होते. या चार महिन्यांत तिनं सेवाग्रामच्या मैत्रिणींना सांगून टाकलं होतं, मावशीला सांगितलं होतं, आईसोबत बसून साड्यांचे रंगसुद्धा बोलून झाले होते. मला वाटलं ती रडेल. रडली नाही.

"बाबाचं खेळातलं होतं," ती म्हणाली. "मायं काऊन केलं?"

"तुला लागलं असतं."

"मग लागू द्याचं होतं!"

इतक्या जोरात ती माझ्यावरही कधी ओरडली नव्हती. तो मान खाली घालून म्हणाला की त्याला वाटलं, हळूहळू बोलून वळवू, वळले की हिला सांगू, मधलं कशाला सांगायचं. मला वाटत होतं मी जिंकलो. सहा आठवडे नाक घालून बसलो होतो, शेवटी वास खरा निघाला. पण त्या जिंकण्याची चव काही घेता येईना, कारण माझी पोरगी समोर बसली होती आणि तिचे दोन्ही हात सतरंजी घट्ट धरून होते.

"फोन लाव," ती म्हणाली. "इथून. स्पीकरवर. आमी आहो ते सांगून."

"आत्ता?"

"मंग कधी? होळी झाल्यावर?"

मला वाटलं आता हा उठेल. पाणी पिऊन येतो म्हणेल, रेंज नाही म्हणेल, उद्या जाऊन समोरासमोर बोलतो म्हणेल. समोरासमोर बोलतो हे तर फारच भारदस्त कारण होतं, मीच त्याला अडवू शकलो नसतो. मी वाटच पाहत होतो. त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि फोन फाशांच्या मधोमध सतरंजीवर ठेवला.

"काय रे, जेवला का?" पलीकडून आवाज आला. साधा, दुपारच्या झोपेतला, बापाचा आवाज. मी मनात एक राक्षस धरून बसलो होतो, आणि हा माणूस जेवला का विचारत होता.

"बाबा, मी तिच्या घरी आहो. तिचे आईबाबा समोर बसले आहेत. फोन स्पीकरवर आहे."

पलीकडे मागं कुठंतरी भांडी वाजत होती.

"तुमी दिवाळीत नाई म्हटलं, ते मी इकडं सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. मी लग्न हिच्याशीच करणार आहो. तुमी यावं असं मले वाटते."

"मले गावात राहाचं आहे," आवाज म्हणाला. चढला नाही, उलट खाली गेला. "तुले नाई राहाचं, मले राहाचं आहे. होळीले येऊ नको आता. तुया मायले मी सांगतो."

"बाबा..."

मागून एका बाईचा आवाज आला, कोणाचा फोन आहे, काय म्हणते, असं काहीसं. मग फोन कटला. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा नसेल. 'तिच्या आईबाबांना नमस्कार सांग' असा एक शब्द त्या माणसाच्या तोंडून निघाला नाही, आणि ते आम्हा नवराबायकोला जिथं लागायचं तिथं लागलं. त्याबद्दल आम्ही एकमेकांशी आजवर बोललेलो नाही.

मुलगा फोनकडे बघत बसला होता. मुलीनं विचारलं, "किती लागलं?"

"ठीक आहे," तो म्हणाला.

ती नुसती बघत राहिली. त्यानं चष्मा काढून खाली ठेवला.

"लय लागलं," तो म्हणाला. आमच्या घरात तो कॉलेजातली शुद्ध भाषा बोलायचा, आता ती पार गेली होती. "माय मागंच उभी होती. तिले वाटलं असन मी होळीले येतो हे सांगाले फोन केला."

आणि तो रडला. पंचवीस-तीस वर्षांचा बाप्या, होणाऱ्या सासू-सासऱ्यांसमोर, ओठ आवळून, बाही तोंडावर धरून. मी त्या पायऱ्यांवर बसलो होतो तेव्हा माझ्याजवळ फक्त ड्रायव्हर होता. मुलगी फासे सरकवून त्याच्या बाजूला जाऊन बसली. तिचा राग गेला नव्हता, ते तिच्या पाठीवरूनच दिसत होतं, पण ती त्याच्या बाजूला बसली. बायको उठून पाणी आणायला गेली.

सहा आठवडे मी मनात तोलत होतो, हो म्हणायचं की नाही म्हणायचं. मला वाटत होतं सगळं त्यावर अडलं आहे. पण त्या दुपारी त्या दोघांपैकी एकानंही मला काही विचारलं नाही. तिनं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्याला सांगत होती की यानंतर वाईट बातमी आली तर त्याच दिवशी सांगायची, अर्धी नाही, पूर्ण. आणि तो हो हो म्हणत होता.

"मायाकडून हो आहे," मी म्हटलं.

कोणी ऐकलं नाही. मग मी घसा खाकरला आणि दुसऱ्यांदा, जोरात म्हटलं.